आले ते रीडिंग लिहा

‘नीट’चा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्रवेश-खिडकीपाशी एक वाक्य हमखास ऐकू येते : “डॉक्टरकी हुकली, आता बायोकेमिस्ट्री घेऊन टाकू.” बोलणारे बहुधा वडील असतात. मुलगा किंवा मुलगी शेजारी खाली मान घालून उभी असते. दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा आहेत लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बहुतेकांना त्या दारातून परत फिरावे लागणार हे परीक्षेआधीच ठरलेले असते. तरीही परत फिरलेल्या प्रत्येक मुलाला आपण हरलेला समजतो, आणि हरलेल्याने पदरात पाडून घ्यायचा विषय म्हणून जीवरसायनशास्त्राकडे बोट दाखवतो.

या ‘घेऊन टाकू’विरुद्ध मला बोलायचे आहे. जीवरसायनशास्त्र शिकलेल्या माणसाने कागदावर लिहिलेल्या एका आकड्यावरून रुग्णाचे औषध ठरते. दुधाचा टँकर पुढे सोडायचा की जागच्या जागी ओतून टाकायचा, हेही अशाच एका आकड्यावर ठरते. असा विषय नाइलाजाने शिकला गेला, नाइलाजाने शिकवला गेला, तर तो आकडा खरा राहील याची खात्री कोणी द्यायची? आणि खोटा आकडा प्रयोगशाळेत थांबत नाही. तो लिफाफ्यात बसून आपल्या घरी येतो.

घरातल्याच एका आकड्यापासून सुरुवात करू. मधुमेहाचा रुग्ण नाही असे घर आज शोधावे लागते, त्यामुळे ‘तीन महिन्यांची साखर’ हा शब्द आजीलाही माहीत आहे. ही तपासणी चालते कशी? रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब समोर येतो. आदल्या दिवशी चहात साखर न घालून या तपासणीला फसवता येत नाही. पण समजा रुग्णाला सिकलसेलचा आजार आहे. त्याच्या लाल पेशी १२० दिवस जगतच नाहीत, फार लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा कमी येतो. यंत्र तो आकडा निमूटपणे छापते. कागद सांगतो की साखर आटोक्यात आहे, आणि इकडे रुग्णाचे डोळे आणि मूत्रपिंडे झिजत राहतात. अशा वेळी रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करणारा आणि ‘या रुग्णाची दुसरी तपासणी करू या’ म्हणणारा माणूस प्रयोगशाळेत असावा लागतो. बटण दाबायला कोणीही चालेल. आकडा केव्हा खोटे बोलतो हे ओळखायला मात्र जीवरसायनशास्त्र यावे लागते.

सिकलसेलचे उदाहरण मुद्दाम घेतले. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. आणि माणसाचा एखादा आजार एका रेणूतल्या बिघाडापर्यंत नेऊन दाखवता येतो, हे जगाला पहिल्यांदा याच आजाराने शिकवले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले. काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमके ठिकाण शोधून काढले : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात, त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढाच फरक. त्या एका बदलाने लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि गडचिरोलीतले एखादे पोर रात्रभर हाडांच्या कळांनी तळमळते.

गावच्या शिबिरात याची पहिली चाचणी होते ती विद्राव्यतेची. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात टाकतात, द्रावण गढूळ झाले आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की चाचणी ‘पॉझिटिव्ह’. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावीच लागते. पहिल्याच चाचणीवर थांबून कोणी मुलीच्या कार्डावर ‘सिकलसेल’ असे लिहून दिले, तर ठणठणीत असलेल्या, केवळ वाहक असलेल्या मुलीवर गावात आयुष्यभराचा शिक्का बसतो. तिचे लग्न अडते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अशी मोहीम घोषणेवर चालत नाही. आश्रमशाळेच्या ओसरीवर टेबल मांडून बसलेला जो तरुण तपासनीस नळी उजेडाकडे धरून पाहतो, त्याला काय दिसते, काय कळते आणि तो काय लिहितो, यावर ती चालते.

हा तरुण आपण कसा घडवतो, ते आता पाहू.

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत एक प्रयोग सगळीकडे असतो. साखरेची किंवा प्रथिनाची वाढत्या तीव्रतेची पाच-सहा द्रावणे घ्यायची, रंग आणणारे रसायन घालायचे, कलरीमीटरवर प्रत्येकाचे रीडिंग घ्यायचे आणि आलेख काढायचा. सारे नीट झाले तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, उकळत्या पाण्यात एक नळी दोन मिनिटे जास्त राहिली, क्युव्हेटवर बोटाचा ठसा उमटला, की एखादा बिंदू रेषेबाहेर जातो. विज्ञानाचे शिक्षण खरे तर त्या बाहेर गेलेल्या बिंदूपाशी सुरू होते. हा का गेला? माझा हात चुकला की रसायन जुने होते? पुन्हा करून पाहू का?

बहिःस्थ परीक्षक म्हणून मी अनेक केंद्रांवर गेलो आहे. जर्नलांमागून जर्नले उघडावीत आणि प्रत्येकात बिंदू पट्टीने आखल्यासारखे रेषेवर बसलेले असावेत, असे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. खरोखरच पट्टीने आखलेले असतात. आधी रेषा ओढायची, मग तिच्यावर टिंबे द्यायची, आणि टिंबांवरून उलट मोजत तक्त्यात आकडे भरायचे. मुले याला ‘रीडिंग बसवणे’ म्हणतात. एका केंद्रावर चाळीस मुलांमागे एकच कलरीमीटर होता आणि त्याचाही दिवा गेलेला होता. जर्नले मात्र चाळीसही प्रमाणित होती, सही-शिक्क्यासह. मी एका मुलीला विचारले, “हे रीडिंग तू कधी घेतलेस?” ती म्हणाली, “सर, घेतलं नाही, सिनिअरच्या जर्नलमधून घेतलं.” ती खरे बोलली म्हणून मी तिला पूर्ण गुण दिले. तिच्या जर्नलवर सही करणाऱ्याला कोणी काही विचारले नाही.

त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. रेषेवर बसलेल्या बिंदूला दहापैकी नऊ आणि खऱ्या, थोड्या वाकड्या आलेखाला दहापैकी पाच गुण देणारी व्यवस्था आपणच उभी केली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आपण तीन वर्षे, दर आठवड्याला, आकडा बनवायला शिकवतो. आधीच ‘हरलेली’ म्हणून वर्गात आलेली ही मुले. आपण जे करतो आहोत ते कोणाला तरी महत्त्वाचे वाटते, असे त्यांना एकाही मोठ्या माणसाच्या वागण्यातून दिसलेले नसते. मग ती रीडिंगशी इमान कशाला राखतील?

त्याच प्रात्यक्षिकांत फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धतही असते. १९२५ साली हार्वर्डमध्ये ती तयार करणाऱ्यांपैकी येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. पुढे फॉलिक आम्लाच्या आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरल्या गेलेल्या पहिल्या औषधांच्या मागे त्यांचे काम होते. ज्या पद्धतीचे आकडे आपली मुले एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतात, तिचे मोल असे आहे, एवढे तरी त्यांना प्रयोगाआधी पाच मिनिटे सांगावे.

वहीत आकडा बनवायची सवय नोकरीत जाऊन सुटते असे कोणी समजू नये. पॅथॉलॉजीच्या धंद्यात ‘सिंक टेस्ट’ हा शब्द सर्रास वापरला जातो. रक्ताचा नमुना मोरीत ओतायचा आणि रुग्णाचे वय, लिंग व डॉक्टरांचा अंदाज पाहून ‘नॉर्मल’च्या आसपासचे आकडे छापून द्यायचे, असा त्याचा अर्थ. औषध कंपन्यांतही हेच घडले आहे. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेच्या न्यायालयात औषधांच्या दर्जाविषयी आणि खोट्या नोंदींविषयी गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरले. त्या खोट्या नोंदी कोणी तरी हाताने केल्या होत्या. करणाऱ्याच्या अंगावर पांढरा कोट होता आणि भिंतीवर विज्ञानाची पदवी टांगलेली होती.

महाराष्ट्राने तर याची किंमत आधीच मोजली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूतली सूज किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन दिले होते, आणि त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हा पदार्थ चवीला गोड, दिसायला ग्लिसरीनसारखाच. शरीरात गेल्यावर यकृतातली विकरे त्याचे डायग्लायकोलिक आम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल मूत्रपिंडाच्या पेशी मारते. लघवी बंद होते, माणूस काही दिवसांत जातो. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि रुग्णालयाची औषधखरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय यांचे सारे धागे उलगडून ठेवले. तपासणी करायला माणसे नेमलेली होती. कागदही तयार होते. फक्त कागदावरचे आणि बाटलीतले यांचा मेळ नव्हता.

तो अहवाल वाचून आपण शहाणे झालो असतो तर २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला नसता. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांना आईबापांनी धावत नागपूरला आणले होते आणि त्यांनी नागपुरातच शेवटचा श्वास घेतला. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने औषध तपासले तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. जे. जे.मध्ये होते तेच विष, जवळजवळ चाळीस वर्षांनी. ते ओळखायची पद्धत या चाळीस वर्षांत कोणाला माहीत नव्हती असे मुळीच नाही. औषध बाजारात जाण्याआधी एका माणसाने एक तपासणी प्रामाणिकपणे करायची होती, आणि ती झाली नाही.

म्हणून मला वाटते, जीवरसायनशास्त्राच्या पदवीधराचे खरे काम साक्षीदाराचे आहे. रक्तात काय आहे, दुधात काय आहे, बाटलीत काय आहे, हे स्वतःला पाहता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या वतीने तो पाहतो आणि शपथेवर सांगतो. साक्षीदार कितीही हुशार असला, तरी तो फितूर झाला तर त्याचा उपयोग नाही.

असा साक्षीदार कसा असतो, हे दाखवणारी एक बाई आपल्याच मातीत होऊन गेली, आणि बायोकेमिस्ट्रीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना तिचे नावही ठाऊक नसते याचे मला फार दुःख आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेल मिळवलेले. त्यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि प्रवेश मिळवला, पण तोही अटींवर : पहिले वर्ष परीक्षेचे, कामाचा दर्जा पटल्याशिवाय ते मान्य धरले जाणार नाही. अट अपमानाची होती. त्यांनी ती काम करून मोडली. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी तिथे संशोधन केले, आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढे केंब्रिजला, फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे दाखवले. श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन. प्रबंध होता अवघा चाळीसेक पानांचा, आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. आज पानांच्या जाडीवर प्रबंध तोलणाऱ्या मार्गदर्शकांनी हे ध्यानात ठेवावे.

पण मला त्यांच्या आयुष्याचा यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्या भारतात परतल्या. दिल्लीला शिकवले, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले, मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभाग चालवला. विषय कोणते निवडले? नीरा. ताडगूळ. कडधान्ये. गरीब माणसाच्या पोटात जे जाते आणि जाऊ शकते, ते. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि पुढे त्या ग्राहक चळवळीत उतरल्या, कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, भेसळ कशी ओळखायची हे घराघरातल्या बायकांना कळेल अशा शब्दांत लिहीत राहिल्या. केंब्रिजमध्ये शिकलेले शास्त्र त्यांनी मुंबईतल्या गृहिणीच्या तेलाच्या डब्यापर्यंत आणून पोहोचवले. या विषयाचा पदवीधर आयुष्यात काय करतो, असे मला कोणी विचारले तर मी आधी हे सांगतो आणि मग नोकऱ्यांबद्दल बोलतो.

नोकऱ्यांबद्दलही खरे बोलले पाहिजे, कारण इथेही ‘रीडिंग बसवणारे’ पुष्कळ आहेत. माहितीपत्रकात हसऱ्या चेहऱ्यांची मुले सूक्ष्मदर्शकातून पाहताना दाखवायची आणि खाली ‘अमर्याद संधी’ असे छापायचे, ही फसवणूक आहे. नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी नोकरी बहुधा औषध वा खाद्यपदार्थांच्या कारखान्यातली, गुणवत्ता नियंत्रण विभागातली असते. वाळूज, तारापूर, लोटे, गोव्यातले वेर्णा इथे ती मिळते, पाळ्यांत काम असते, आणि सुरुवातीच्या पगारातून खोलीचे भाडे आणि डबा भागवल्यावर हातात थोडेच उरते. एम.एस्सी. झाल्यावर दारे वाढतात. संशोधनात जायचे तर सीएसआयआर-नेट द्यावी लागते. ती उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये विद्यावेतन आहे. शेतमजुराच्या मुलाला घरातून एक पैसा न घेता पीएच.डी. करता येईल अशी ही वाट आहे, आणि ती गडहिंग्लजच्या किंवा अहेरीच्या मुलाला पदवीच्या पहिल्या वर्षी कोणी सांगत नाही. शेवटच्या वर्षी कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

सरकारी वाटाही आहेत. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी जीवरसायनशास्त्राची पदवी चालते. अन्न विश्लेषक होण्यासाठी या विषयातली पदव्युत्तर पदवी, अनुभव आणि त्यासाठीची परीक्षा लागते. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत विषबाधेचे आणि डीएनएचे काम असते. औषध निरीक्षक मात्र होता येत नाही, त्याला औषधनिर्माणशास्त्राची किंवा वैद्यकातली विशिष्ट पदवी लागते. कोणी तसे आमिष दाखवत असेल तर सावध व्हा. पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालावर सही कोणी करायची, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. म्हणून ‘एम.एस्सी. कर, स्वतःची लॅब टाक’ असा सल्ला ऐकण्याआधी नियम वाचा. वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएस नसलेल्या शिक्षकांचे प्रमाण किती असावे, हेही वारंवार बदलत आले आहे.

लशींच्या क्षेत्रात पुणे जगाच्या नकाशावर आहे. सिरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून तिथे आहे, मुंबईचे हाफकिन तर १८९९ पासूनचे. लशीचा प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी सरकारी प्रयोगशाळेत तपासला जातो, हिमाचलातल्या कसौलीत, आणि २०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रालाही कोविड लशींसाठी ते काम देण्यात आले. लस शोधणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. बॅच अडवणाऱ्याचे कधीच येत नाही, आणि त्याने बॅच अडवू नये म्हणून दबाव मात्र येतो. या व्यवसायात कधी ना कधी प्रत्येकावर अशी वेळ येते : माल दारात उभा आहे, गाडी लागली आहे, साहेब म्हणतात पास कर. त्या क्षणी उपयोगी पडते ती पहिल्या वर्षी लागलेली सवय. ज्याने वहीतला वाकडा बिंदू वाकडाच ठेवला होता, त्याला नाही म्हणणे थोडे सोपे जाते. आणि नाही म्हणणाऱ्याला नोकरीवरून काढता येणार नाही असे संरक्षण देणे हे मालकाचे आणि कायद्याचे काम आहे. सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर तपासनीस नेमायचा आणि त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. सरकारी प्रयोगशाळांतली पदे रिकामी ठेवून वर भेसळीविरुद्ध पंधरवडा साजरा करणे, हा तर जनतेशी केलेला अन्याय आहे.

मुलींविषयी वेगळे बोलावेच लागेल, कारण या विषयाच्या वर्गांत मुलीच जास्त असतात. गुणवत्ता यादीतही त्याच वर असतात. मग एम.एस्सी. झाली की निम्म्या कुठे जातात? “शिकवली की तेवढी, आता पुढचं सासरी बघतील.” पीएच.डी.ची पाच वर्षे नेमकी बावीस ते सत्तावीस या वयात येतात, आणि आपल्या समाजाने तेच वय लग्नासाठी राखून ठेवले आहे. आईबापहो, मुलीला पदव्युत्तर शिक्षण देऊन घरात बसवणे म्हणजे तिला अर्ध्यावर सोडणे आहे. १९३३ साली कमलाबाईंच्या वाटेत रामन होते, पण पाठीशी घर होते. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. आज संस्थांची दारे उघडी आहेत आणि वाट अडते ती घराच्या उंबऱ्यावर. संशोधनवृत्ती मिळालेल्या मुलीला बंगळूरला किंवा हैदराबादला जाऊ द्या. तिला अडवायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आणखी एक अडचण आहे भाषेची, तिच्याबद्दल आपण उगाच लाजतो. मराठी माध्यमातून आलेले मूल क्रेब्स चक्राचे इंग्रजी शब्द पाठ करते आणि चक्र फिरते कशासाठी हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहू द्या. समजावून मराठीत सांगा. ज्याला आपल्या आईला ‘तू रात्री भात खाल्लास तर त्याचे पुढे काय होते’ हे सांगता येते, त्याला विषय आला. ज्याला येत नाही, त्याची पदवी कितीही वरच्या श्रेणीची असली तरी कच्ची आहे.

आता करायचे काय? पैशांची कामे सरकारने आणि संस्थाचालकांनी करावीत : कलरीमीटर घ्यावेत, रिकामी पदे भरावीत, तपासनिसाला कायम नोकरी द्यावी. ती होईपर्यंत पालकांनी प्रवेश घेताना महाविद्यालयाला इमारतीचे मजले विचारू नयेत. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका उपकरणामागे मुले किती, आणि गेल्या तीन वर्षांतली मुले आज कुठे आहेत, हे विचारावे. उत्तर देता येत नसेल तर दुसरे महाविद्यालय पाहावे. आणि मुलाला विषय आवडत नसेल तर हट्टाने त्यात घालू नये. त्याचे नुकसान होईलच, त्याने पुढे तपासलेल्या नमुन्यांचेही होईल.

प्राध्यापक मित्रांनो, मोठा भाग आपल्या हातात आहे. दरवर्षी तेच ते प्रयोग आणि तीच ती उत्तरे ठेवू नका. प्रत्येक मुलाला वेगळा अज्ञात नमुना द्या, म्हणजे सिनिअरचे जर्नल निरुपयोगी होईल. रीडिंग घेतल्या क्षणी पेनाने लिहायला लावा आणि त्याच कागदावर तिथेच सही करा. गावातले दूध आणायला सांगा. किराणा दुकानातले मीठ आणून त्यात आयोडीन प्रतिदशलक्ष १५ भाग तरी आहे का, हे अनुमापन करून पाहू द्या. त्या आकड्याशी मुलांच्या घरचा संबंध असेल, तो त्यांना बनवावासा वाटणार नाही. आणि गुणांची वाटणी बदला. उत्तर बरोबर आले यासाठी थोडे गुण ठेवा. बाकीचे गुण ठेवा ते मूळ नोंद खरी आहे यासाठी, आणि बिंदू रेषेबाहेर का गेला याचे कारण मुलाने शोधले यासाठी. याला शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत हे ठरू शकते. येत्या सत्राच्या आधी ती बैठक बोलवा.